प्रतिकाराची किंमत : पाश्चरची कोंबडी, मुंबईचा उंदीर आणि अमेरिकेतला फिंच

(गोराई येथे झालेल्या जाहीर व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



आजचा विषय वाचून काही जणांना प्रश्न पडला असेल, की तत्त्वज्ञान शिकवणारा माणूस पक्ष्यांच्या रोगजंतूंवर काय बोलणार? शंका रास्त आहे. मी पशुवैद्य नाही, सूक्ष्मजीवशास्त्रज्ञही नाही. पण ‘कारण’ म्हणजे नेमकं काय, हा प्रश्न मी आयुष्यभर वर्गात शिकवला, आणि रोगांच्या इतिहासात या प्रश्नाची जितकी कसोटी लागते तितकी क्वचितच कुठे लागते. शिवाय गोराईला हा विषय परका नाही. हिवाळ्यात खाडीच्या चिखलात उत्तरेकडचे पाणपक्षी उतरतात. गावात अंगणातून कोंबड्या फिरतात. आणि साष्टीतल्या जुन्या ख्रिस्ती गावठाणांमध्ये प्लेगच्या काळात उभारलेले क्रूस आजही आहेत. पक्षी, कोंबडी आणि प्लेग, या तिघांना जोडणारा एक धागा आहे. तो आज उलगडायचा आहे.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकतो. जिवाणूंपासून बचाव कमवायचे सजीवांपुढे दोन रस्ते आहेत. एक रस्ता मरणाचा: जे दुबळे ते मरतात, जे टिकतात त्यांची प्रजा टिकाऊ निघते. दुसरा रस्ता ओळखीचा: शत्रू ओळखायचा आणि मरण्याआधी सावध व्हायचं. यातला दुसरा रस्ता रोगजंतू शोधण्याच्या विद्येमुळे खुला झाला. आणि ही विद्या काही अंशी कोंबडीच्या जिवावर उभी राहिली आहे.

तीन कोंबड्या

मार्च १८७८. पॅरिसच्या वैद्यक अकादमीपुढे लुई पाश्चरने तीन कोंबड्या मांडल्या. दोन जिवंत, एक मेलेली. त्याआधी एक कोडं पडलेलं होतं. अँथ्रॅक्स, म्हणजे आपले गुराखी ज्याला फाशी किंवा काळपुळी म्हणतात तो रोग, गाई-मेंढ्यांना पटापट मारतो. पण त्याचा जिवाणू कोंबडीला टोचला तर तिला काही होत नाही. का? पाश्चरला वाटलं, पक्ष्याचं अंग गरम असतं, ४१-४२ अंश सेल्सिअस. गुरांचं त्यापेक्षा तीन-चार अंशांनी कमी. ही उष्णताच जिवाणूला वाढू देत नसेल. मग त्याने कोंबडीला जिवाणू टोचून थंड पाण्यात उभं करून ठेवलं. तिचं अंग ३७-३८ अंशांवर आलं आणि ती अँथ्रॅक्सने मेली. दुसरी नुसती थंड पाण्यात ठेवली, टोचली नाही. ती जगली. तिसरीला टोचलं, पण पाण्यात ठेवलं नाही. तीही जगली.

आपल्या न्यायशास्त्राच्या विद्यार्थ्याला हे ओळखीचं वाटेल. हा अन्वय-व्यतिरेक आहे. अमुक असलं की तमुक घडतं, अमुक नसलं की घडत नाही. पण यातून निघालेलं उत्तर मात्र अवघड होतं. कोंबडी कशाने मेली? जिवाणूने म्हणावं, तर तोच जिवाणू तिसऱ्या कोंबडीत होता. थंडीने म्हणावं, तर तीच थंडी दुसरीने सोसली. म्हणजे जिवाणू हे कारण खरं, पण त्याला सहकारी कारण हवं, आणि ते यजमानाच्या शरीरात असतं. मला हा ‘यजमान’ शब्द फार आवडतो. इंग्रजीतल्या ‘होस्ट’साठी आपण तो वापरतो, आणि नकळत एक मोठं सत्य सांगून जातो. यज्ञात खर्च कोण करतो? यजमान.

पाश्चरचं स्पष्टीकरण अपुरं होतं, हे पुढे कळलं. एली मेचनिकॉफने जंतू गिळणाऱ्या पेशी दाखवल्या आणि नुसत्या तापमानावर सगळं सोपवता येणार नाही हे स्पष्ट झालं. पण प्रश्न योग्य जागी नेण्याचं काम त्या तीन कोंबड्यांनी केलं. तो प्रश्न असा: जंतू कोण, एवढंच विचारू नका, जंतू कुणाच्या घरात शिरलाय तेही विचारा.

लगेच पुढचा अध्याय आला, कोंबड्यांच्या कॉलऱ्याचा. माणसाच्या कॉलऱ्याशी याचा संबंध नाही, नाव फक्त सारखं. खुराड्यात हा रोग शिरला की धडधाकट कोंबडी पिसं फुलवून, डोळे मिटून बसते आणि पुष्कळदा दिवसभरात मरते. त्याचा जंतू इटलीत पेरोन्सितोने आणि फ्रान्समध्ये तूसँने पाहिला होता. तूसँकडून नमुना पाश्चरला मिळाला. त्याने कोंबडीच्याच रश्शात जंतू वाढवला. तो काय झपाट्याने वाढला! त्या रश्श्याचा अगदी छोटा थेंबही कोंबडीला पुरे होई.

आणि आता गंमत बघा. हाच जंतू गिनीपिगला टोचला तर त्याला एक गळू होतं. बाकी तो खातो-पितो, हिंडतो. पण त्या गळवातला पू कोंबडीला टोचला की कोंबडी खलास. म्हणजे कोंबड्यांबरोबर एक ठणठणीत दिसणारा गिनीपिग ठेवला, तर खुराडं ओस पडेल आणि मालकाला कारण दिसणारच नाही. पाश्चरने हे १८८० सालीच लिहून ठेवलं. निरोगी वाहक ही कल्पना तिथे पुरती दिसते.

याच जंतूच्या जुन्या, निवलेल्या कल्चरने टोचलेल्या कोंबड्या जगल्या आणि पुढे ताज्या जंतूलाही पुरून उरल्या. सुट्टीत विसरून राहिलेल्या बाटल्यांची गोष्ट तुम्ही शाळेत ऐकली असेल. पाश्चरच्या वह्या तपासणाऱ्या इतिहासकारांनी दाखवलं आहे की ते इतकं सरळ नव्हतं. त्याचा सहकारी एमिल रू याचे कित्येक प्रयोग त्यामागे होते. पण फळ तेच: प्रयोगशाळेत मुद्दाम बनवलेली पहिली लस. ती कोंबडीसाठी होती.

नाव कोंबडीच्या जंतूचं, रोग मुंबईचा

या जंतूच्या कुळाला पाश्चरवरूनच पाश्चरेला असं नाव मिळालं. आणि विसाव्या शतकात बराच काळ प्लेगच्या जंतूलाही याच कुळात घातलं जाई. आज आपण त्याला येर्सिनिया म्हणतो, अलेक्झांडर येर्सिनवरून, ज्याने १८९४ साली हाँगकाँगमध्ये तो शोधला. पण परळच्या हाफकिन संस्थेतले जुने निबंध काढलेत तर त्यात सापडेल ‘पाश्चरेला पेस्टिस’. कोंबडीचा मारेकरी आणि मुंबईचा मारेकरी, दोघांचं आडनाव एक.

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचं निदान केलं. धान्याची गोदामं, दाट चाळी, आणि पटापट मरून पडणारे उंदीर. त्याला तेव्हा मराठीत ग्रंथिक सन्निपात म्हणत. लाखो लोक शहर सोडून पळाले. पाश्चरच्या संस्थेतून आलेला वाल्डेमार हाफकिन तेव्हा हिंदुस्थानात होता. त्याला मुंबईला बोलावलं, ग्रँट मेडिकल कॉलेजात जागा दिली. त्याने जंतू रश्शात वाढवून, उष्णतेने मारून लस बनवली आणि १० जानेवारी १८९७ रोजी आधी स्वतःला टोचून घेतली. त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगात चाचणी झाली. १८९९ मध्ये परळच्या जुन्या गव्हर्नर हाउसमध्ये त्याची प्रयोगशाळा गेली. १९२५ पासून तिला हाफकिन संस्था म्हणतात.

पण एक जखमही सांगायला हवी. जंतू ओळखता येत होता, तो कसा पसरतो हे अजून कळलं नव्हतं. अशा अर्धवट ओळखीच्या काळात सरकारने ओळखण्याचं काम सोल्जरांच्या हाती दिलं. पुण्यात घरं उघडून झडत्या झाल्या, माणसांच्या जांघा-काखा तपासल्या गेल्या. रँडचा वध झाला तो १८९७ च्या जूनमध्ये. त्याच वर्षी मार्चमध्ये सावित्रीबाई फुले प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता गेल्या. निदान म्हणजे सत्ता नव्हे, हे आपल्याकडे फार महागात शिकून झालेलं आहे. आणि झडती तर भलत्याच जागी चालली होती. शोधायला हवा होता तो उंदराच्या अंगावरचा पिसू.

१८९८ साली कराचीत पॉल-लुई सिमाँ याने पिसवांवर बोट ठेवलं. त्याला फारसं कोणी मानलं नाही. मग मुंबईत ग्लेन लिस्टन आणि १९०५ पासून प्लेग कमिशनने ते पक्कं केलं. प्लेगच्या घरांत गिनीपिग ठेवले. जमिनीवरच्यांना प्लेग झाला, पुरेशा उंचीवर टांगलेल्या पिंजऱ्यांतले वाचले. पिसू तिथवर उडी मारू शकत नाही म्हणून. शहरभरातून हजारो उंदीर परळला आणून चिरून तपासले गेले.

याच कामातून एक विलक्षण गोष्ट उघड झाली. मुंबईच्या उंदरांना प्लेगचा जंतू टोचला तर त्यातले बरेचसे मरेनात! मद्रासहून आणलेल्या उंदरांना तीच मात्रा दिली तर ते बहुतेक सगळे मरत. मद्रास शहर प्लेगपासून जवळजवळ वाचलेलं होतं. पुढे १९३०च्या दशकात हाफकिन संस्थेचे संचालक साहिबसिंग सोखी आणि त्यांचे सहकारी चित्रे यांनी देशातल्या वेगवेगळ्या शहरांचे उंदीर तपासून हाच नकाशा काढला: जिथे प्लेगने जास्त थैमान घातलं, तिथले उंदीर जास्त टणक. अलीकडे मादागास्करमध्येही असंच दिसलं आहे. तिथे प्लेग असलेल्या डोंगराळ भागातले उंदीर प्लेग नसलेल्या सखल भागातल्या उंदरांपेक्षा कणखर निघाले.

मंडळी, जरा थांबून विचार करा. एकाच शहरात, एकाच जंतूविरुद्ध, त्याच काळात दोन बचाव उभे राहत होते. परळच्या बंगल्यात बाटलीतला, आणि गटारात उंदरांचा. एक ओळखून कमावलेला, एक मरून. मुंबईचा उंदीर शहाणा झाला नाही, हे लक्षात घ्या. एकही उंदीर काही शिकला नाही. जे लवकर मरणारे होते ते मेले, एवढंच. आणि पक्षी? त्यांना या सगळ्याची गरजच पडली नाही. पक्ष्यांना प्लेग सहसा होत नाही. उंदीर पडत होते तेव्हा त्याच गोदामांच्या पुढे कबुतरं दाणे टिपत होती.

थेंबभर रक्त

आता पुन्हा कोंबडीकडे. पिलांची पांढरी हगवण हा पोल्ट्रीवाल्यांचा जुना वैरी. तो साल्मोनेला जातीच्या जंतूने होतो आणि आईकडून अंड्यातून पिलात उतरतो. कोंबडी दिसायला ठीक, पण तिची अंडी विषारी. मग ओळखायची कशी? यासाठी एक साधी युक्ती निघाली. कोंबडीच्या पंखातून रक्ताचा थेंब काचपट्टीवर घ्यायचा, त्यात रंगवलेल्या मृत जंतूंचा थेंब मिसळायचा. प्रतिपिंडं असतील तर मिश्रणात गुठळ्या दिसतात. आपल्याकडेही अशी परीक्षा करतात.

आता ही ओळख कोणत्या जातीची? नैयायिकांनी अनुमानाचे प्रकार सांगितले, त्यातलं एक शेषवत्: नदीला गढूळ लोंढा आला, त्यावरून वर डोंगरात पाऊस पडला असं मानणं. गुठळी म्हणजे असा लोंढा. जंतू येऊन गेला किंवा आहे, एवढंच ती सांगते. प्रयोगशाळेत जंतू वाढवून पाहणं हे प्रत्यक्षाच्या जवळचं, पण त्याला वेळ लागतो. आणि हल्लीची पीसीआर चाचणी जंतूच्या डीएनएचा तुकडा शोधते. तो जंतू जिवंत आहे की मेलेला, हे ती सांगत नाही. तीन चाचण्या, तीन निरनिराळी विधानं. कागदावर मात्र तिघींच्या पुढे ‘पॉझिटिव्ह’ असंच छापतात.

याच हगवणीवर अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात फ्रेडरिक हट काम करत होता. त्याला दिसलं की पांढऱ्या लेगहॉर्न जातीची पिलं भारी जातींपेक्षा या रोगाला चिवट असतात, आणि हा चिवटपणा आनुवंशिक आहे. का, ते शोधताना १९४२ मध्ये त्याला आणि स्कोल्सला काय सापडलं? चिवट पिलांचं अंग पहिल्या काही दिवसांत लवकर गरम होतं. म्हणजे चौसष्ट वर्षांनी पाश्चरची थंड पाण्यातली कोंबडी परत आली! फरक एवढाच, की ही ऊब पिलांनी वारशाने आणली होती.

जे. बी. एस. हाल्डेन नावाचा जीवशास्त्रज्ञ पुढे भारतात येऊन स्थायिक झाला, भारतीय नागरिक झाला. त्याने १९४९ च्या एका निबंधात मांडलं की उत्क्रांतीला ढकलणाऱ्या शक्तींत रोग ही फार मोठी शक्ती आहे, आणि जंतूंच्या जगात वेगळं असण्याचा फायदा असतो. सगळे सारखे असतील तर एकच किल्ली सगळी कुलपं उघडते.

फिंचचे डोळे

हे सगळं डोळ्यांदेखत घडताना पाहायला मिळालं ते अमेरिकेत. हाउस फिंच नावाचा चिमणीएवढा पक्षी आहे. तो मूळचा तिथल्या पश्चिमेचा. १९४०च्या सुमारास न्यूयॉर्कजवळ पिंजऱ्यातले काही सोडले गेले आणि पूर्वेकडे त्यांची कोट्यवधींची प्रजा झाली. १९९४ च्या हिवाळ्यात वॉशिंग्टनच्या आसपास लोकांना अंगणातल्या दाणापात्रांवर डोळे सुजलेले फिंच दिसू लागले. आंधळा झालेला पक्षी उपाशी मरतो किंवा मांजराच्या तोंडी जातो.

जंतू कोणता निघाला? मायकोप्लाझ्मा गॅलिसेप्टिकम. इथे कोणी पोल्ट्री चालवत असेल तर तो ‘सीआरडी’ म्हणून याला ओळखतो. कोंबड्यांना घरघर लावणारा तोच. याला पेशीभित्ती नसते, म्हणून पेनिसिलिनसारखी औषधं चालत नाहीत; वाढायलाही हा सावकाश. कोंबड्यांमधून तो रानपाखरात शिरला होता. आणि तो कुठवर पसरला हे कोणी टिपलं? साध्या नागरिकांनी, आपापल्या खिडकीतून मोजून, कॉर्नेलला पत्रकं पाठवून. काही वर्षांत पूर्वेकडच्या बऱ्याच भागांत फिंचची संख्या निम्म्याच्या आसपास आली.

मग कॅमिल बोनो, जेफ्री हिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला. तो २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. अलाबामाचे फिंच, ज्यांच्यात रोग बारा-तेरा वर्षं होता. आणि ॲरिझोनाचे, ज्यांना तो ठाऊकच नव्हता. दोघांना एकच जंतू दिला. अलाबामाच्या पक्ष्यांत जंतूंची संख्या कमी राहिली, त्यांच्या प्रतिकाराची जनुकंही वेगळ्या तऱ्हेने कामाला लागली. २००० सालच्या पक्ष्यांत हा फरक दिसला नव्हता. एवढ्या थोड्या काळात पक्षी बदलला होता.

मग सुखाचा शेवट झाला का? नाही. दुसऱ्या अभ्यासांत दिसलं की त्याच वर्षांत जंतूही अधिक जहाल होत गेला. रोगातून उठलेल्या पक्ष्याला मिळणारा बचाव अर्धवट असतो, आणि तो बचाव भेदायला जहाल जंतूच सरस ठरतो. दार मजबूत झालं की घणही जड होतो.

मग आपलं काय?

हा इतिहास मी का सांगतोय? कारण महामारीच्या काळात एक वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलं: “होऊ द्या, आपोआप प्रतिकारशक्ती येईल.” ते खोटं नाही. मुंबईच्या उंदरांत ती आलीच. फक्त वाक्य अर्धं आहे. ‘आपोआप’ या शब्दात मेलेल्यांचा हिशेब लपलेला असतो. निसर्ग बचाव फुकट देत नाही, आणि खर्च यजमानाच्याच खात्यावर पडतो. उत्क्रांती ही घडणारी गोष्ट आहे. तिला धोरण मानणं म्हणजे दुसऱ्याच्या मरणावर स्वतःचं शहाणपण उभं करणं.

दुसरी गोष्ट पोल्ट्रीची. तिच्याकडे आपलं लक्ष जात नाही. शेडमधली ब्रॉयलर कोंबडी साधारण सहा आठवडे जगते. रोगाला पुरून उरलेली असो की नुसती नशिबाने वाचलेली, दोघी एकाच ट्रकमधून जातात. तिला पिलं होत नाहीत. तिची आई-आजी दूर कुठल्यातरी पैदास केंद्रात, वजन आणि खाद्याचा हिशेब पाहून निवडलेली. म्हणजे कोंबडीला मरणाचा रस्तासुद्धा बंद आहे. तिच्या मरण्यातून पुढच्या पिढीला काहीही मिळत नाही. जंतूची पिढी मात्र त्याच शेडमध्ये रोज बदलते. एका बाजूला उत्क्रांती थांबवलेली, दुसऱ्या बाजूला मोकाट. मग आपण मध्ये औषधं घातली, तीही कोंबडी लवकर भरावी म्हणून. शेवटी जुलै २०१९ मध्ये कोलिस्टिन हे औषध अन्नासाठी पाळलेल्या प्राण्यांत वापरायला आपल्या सरकारने बंदी केली, कारण माणसाच्या इस्पितळात ते शेवटच्या औषधांपैकी एक आहे.

म्हणून माझं सांगणं एवढंच. जिथे दुसरा रस्ता आपणच बंद केला, तिथे ओळखीचा रस्ता तरी उघडा ठेवा. थेंबभर रक्त तपासायचा खर्च फार नाही. न तपासण्याचा आहे.

वेळ आहे, एक-दोन प्रश्न घेऊ.

*प्रश्न : सर, गावठी कोंबडीला रोग होत नाहीत म्हणतात. ते खरं आहे का?*

होतात हो. तुम्हाला दिसते ती टिकलेली कोंबडी. तिची जी भावंडं लहानपणीच गेली, ती कोणी मोजली नाहीत. पण तिच्यात एक मोठी गोष्ट आहे. टिकली तर ती खुडुक बसते आणि तिची पिलं निघतात. तिचा रस्ता चालू आहे. म्हणून गावठी जाती जपायच्या, आणि लसही टोचायची. दोन्ही करायचं; एक केलं म्हणून दुसरं सोडायचं नाही.

*प्रश्न : खाडीवर मेलेले पक्षी दिसले तर आम्ही काय करायचं?*

उघड्या हाताने उचलू नका, कुत्र्या-मांजरांना जवळ जाऊ देऊ नका. जागा, तारीख, किती पक्षी, हे लिहून ठेवा, फोटो काढा, आणि वन विभागाला किंवा पशुसंवर्धन विभागाला कळवा. एखादा मेला तर त्यावरून काही ठरत नाही. एकाच जागी अनेक मेले तर लगेच कळवायचं. फिंचचा रोग प्रयोगशाळेच्या आधी खिडकीतून पाहणाऱ्या लोकांना दिसला होता. खाडीवर रोज तुमची नजर असते, माझी नसते. तेव्हा ते काम तुमचं.